'लिंक्स' म्हणजे नेमके काय? समुद्रकाठच्या गोल्फभूमीच्या नावाचा अर्थ आणि उगम

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. समुद्र आणि शेतजमीन यांना जोडणारी पट्टी म्हणून समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाला 'लिंक्स' म्हणतात, हे समालोचनात वारंवार कानावर पडणारे स्पष्टीकरण खरे आहे का. आणि ते खरे असेल तर जवळपास कुठेही समुद्र नसलेल्या दिल्लीत 'गोल्फ लिंक्स' नावाची वसाहत कशी काय असू शकते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्यात संदिग्ध असे काही नाही. दुसऱ्याचे उत्तर लांबचे आहे, कारण हा शब्द आधी जमिनीच्या एका प्रकाराचा होता, नंतर त्या जमिनीवर चालणाऱ्या खेळाच्या जागेचा झाला आणि अखेरीस कोणत्याही गोल्फ मैदानाला लावला जाऊ लागला. मी गोल्फ मैदानांच्या हिरवळीची निगा राखण्याच्या व्यवसायात आहे. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ पाटीवर काय लिहिले आहे यावरून ठरत नाही, पायाखाली कोणती माती आहे यावरून ठरतो. त्यामुळे शब्दापासून सुरुवात करून मला मातीपर्यंत जावेच लागेल.

जुन्या इंग्रजीत 'ह्लिंक' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ उंचवटा, बांध, जमिनीची चढती कड. इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन काळातील जमिनीच्या दानपत्रांत हद्द सांगताना हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत अमक्या ओढ्यापासून तमक्या बांधापर्यंत असे लिहिलेले असते, तशाच पद्धतीने तेथे अमक्या 'ह्लिंक'पर्यंत असे लिहिलेले आढळते. पुढे शब्दारंभीच्या 'ल'आधीचा 'ह' इंग्रजीतून सरसकट गळून गेला. 'ह्लाफ'चा 'लोफ' झाला, 'ह्लूड'चा 'लाउड' झाला, तसाच 'ह्लिंक'चा 'लिंक' झाला. कोशकार या शब्दाचा संबंध बहुधा 'कलणे, टेकणे' या अर्थाच्या धातूशी लावतात, ज्यापासून आजचे इंग्रजी 'लीन' हे क्रियापद आले. ही जोडणी मान्य केली, तर एक गमतीचे नाते समोर येते. तोच मूळ भारोपीय धातू संस्कृतात 'श्रि' या रूपात आहे आणि आपला 'आश्रय' त्यापासून आलेला आहे. म्हणजे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची वाळूची कड आणि मराठीतला आश्रय हे फार दूरचे का होईना, पण भाऊबंद ठरतात.

साखळीची कडी या अर्थाचा 'लिंक' हा शब्द मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. तो इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषांतून आला. सांधा या अर्थाचा जर्मन 'गेलेंक' हा त्याचा नातेवाईक. दोन्ही शब्दांच्या आरंभी एके काळी 'ह्ल' होता, दोन्हींतला 'ह' गळाला आणि दोन्ही शब्द उच्चारात एकरूप झाले. असे झाले की लोक परिचित शब्दाचा अर्थ अपरिचित शब्दावर चढवतात, आणि 'समुद्राला जमिनीशी जोडणारी' ही व्युत्पत्ती नेमकी तशी, मागाहून चढवलेली आहे. ती आकर्षक आहे, समालोचकाला एका वाक्यात सांगता येते, आणि जमीन खरोखरच समुद्र आणि शेत यांच्यामध्ये असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पण जोडणे हा अर्थ त्या शब्दात कधीच नव्हता.

गोंधळात भर घालणारा आणखी एक शब्द स्कॉटलंडमध्येच आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. स्टर्लिंग शहराजवळ फोर्थ नदी सपाट प्रदेशातून इतकी वळणे घेत वाहते की ती वळणे साखळीच्या कड्यांसारखी दिसतात, आणि त्यांना 'लिंक्स ऑफ फोर्थ' असे म्हणतात. त्या वळणांमधल्या सुपीक जमिनीची जहागीर ही उत्तरेकडच्या एखाद्या सरदारकीपेक्षा बरी, अशा अर्थाची तेथे एक जुनी म्हण आहे. येथला 'लिंक्स' हा साखळीचा, वाळूचा नव्हे. त्याच देशात त्याच रूपाचे दोन शब्द जमिनीसाठी वापरात असल्याने नवख्या माणसाची फसगत झाली तर त्यात नवल नाही.

आता मूळ 'ह्लिंक'चे काय झाले ते पाहू. इंग्लंडच्या दक्षिणेत तो शेतीचा शब्द म्हणून टिकला. डॉर्सेट, विल्टशर या परगण्यांत डोंगरउतारावर पूर्वी नांगरटीने तयार झालेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडांना आजही 'लिंचेट' म्हणतात, आणि ससेक्समध्ये 'लिंच' नावाचे गाव आहे. स्कॉटलंडच्या सखल भागात, जेथे जुन्या इंग्रजीची उत्तरेकडची बोली पुढे स्कॉट्स भाषा झाली, तेथे शब्दाचा अर्थ हळूहळू आक्रसत गेला. कोणताही उंचवटा असा अर्थ मागे पडून समुद्रालगतच्या, गवताने धरून ठेवलेल्या, उंचसखल वाळूच्या जमिनीला तो चिकटला. त्या किनाऱ्यावर उंचवटे दिसतात ते मुख्यतः वाळूचेच असल्यामुळे हे संकोचन समजण्यासारखे आहे. रूप जवळजवळ नेहमी अनेकवचनी राहिले, कारण अशा जमिनीत एकच कड कधी नसते, कडांच्या ओळी असतात. आज मात्र हे अनेकवचनी रूप एकवचनासारखेही चालते. एका मैदानालाही 'लिंक्स'च म्हणतात, 'लिंक' म्हणत नाहीत.

हा शब्द खेळाचा नसून जमिनीचा आहे, याचा सर्वांत चांगला पुरावा गोल्फचा मागमूस नसलेल्या जागी मिळतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे नावाचे बेट आहे आणि त्यावर 'लिंक्स ऑफ नोल्टलँड' ही जागा आहे. तेथे नवाश्मयुगीन वस्तीचे अवशेष वाळूखाली गाडलेले सापडले आणि २००९ मध्ये वाळूच्या दगडात कोरलेली, बोटभर उंचीची एक मानवी प्रतिमा मिळाली, जी 'वेस्ट्रे वाइफ' या नावाने प्रसिद्ध झाली. पुरातत्त्वाचे अभ्यासक या जागेला 'लिंक्स' म्हणतात ते केवळ ती वाऱ्याने आणलेल्या वाळूची, गवताळ, किनाऱ्यालगतची जमीन आहे म्हणून. फाइफ परगण्यात 'लंडिन लिंक्स' हे तर एका गावाचेच नाव आहे.

ही जमीन तयार कशी होते, हे समजल्याशिवाय तिचे नाव पुरते कळत नाही. शेवटच्या हिमयुगात स्कॉटलंडवर बर्फाचा प्रचंड थर होता आणि त्याच्या वजनाने खालचा भूभाग दबला होता. बर्फ वितळल्यावर एकीकडे समुद्राची पातळी वाढली आणि दुसरीकडे वजन हटल्यामुळे जमीन सावकाश वर येऊ लागली. या शर्यतीत काही काळ समुद्र पुढे होता. सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी पूर्व किनाऱ्यावर त्याने आजच्या काठाच्या बराच आत मुक्काम केला होता. त्यानंतर जमिनीचे वर येणे चालू राहिले, समुद्र मागे सरला आणि जुना वाळूचा तळ उघडा पडला. त्यावर वाऱ्याने आणखी वाळू आणून टाकली, तिच्या लाटांसारख्या टेकड्या झाल्या, त्यांवर गवत आले आणि आतल्या बाजूला टेकड्यांचे टोक झिजून लहानमोठ्या खळग्यांची, लपेटदार जमीन उरली. फाइफमधील सेंट अँड्र्यूज या गोल्फसाठी प्रसिद्ध गावी वेस्ट सँड्स या पुळणीवर उभे राहून आत पाहिले, तर प्रथम उंच, ताज्या टेकड्या, मग ठेंगणे उंचवटे आणि शेवटी जवळजवळ सपाट जमीन, असा हा क्रम एका नजरेत दिसतो. मैदाने आहेत ती या मागच्या, निवलेल्या भागात. तेथे ज्या बारीक उंचवट्यांवर पाय तिरपा पडून खेळाडूची तारांबळ उडते, ते कोणी आखून केलेले नाहीत.

या जमिनीचा एक वीतभर चौकोन कापून पाहण्यासारखा असतो. वर जेमतेम बोटभर जाडीचा, मुळांनी घट्ट विणलेला गवताचा थर, त्याखाली काळसर वाळूचा पातळ पट्टा आणि त्याच्याखाली निव्वळ पिवळी वाळू, जी मुठीत घेतली तर बोटांतून निसटते. पाणी तेथे थांबतच नाही. सेंट अँड्र्यूजचा वार्षिक पाऊस पुण्यापेक्षा फार वेगळा नाही, फक्त तो वर्षभर विभागून पडतो. तरीही पावसानंतर थोड्याच वेळात त्या जमिनीवर कोरड्या पायांनी चालता येते. पाण्याबरोबर अन्नद्रव्येही निघून जातात, आणि अशा उपासमारीत जी गवते तग धरतात ती दोनच: तारेसारख्या बारीक पात्याचे तांबडे फेस्क्यू आणि त्याच्या सोबतीला बेंट. दोन्ही सावकाश वाढतात. पुढच्या टेकड्यांवरचे उंच, टोकदार, राखाडी-हिरवे गवत ते मॅरम. त्याची मुळे वाळूत खोल जातात, आणि वरून वाळू पडून ते गाडले गेले तर पुन्हा वर फुटते. आपल्या कोकणच्या पुळणीवर जे काम मर्यादवेल करते, तेच काम तेथे मॅरम करते.

मॅरम उपटले तर काय होते याची किंमत स्कॉटलंडने मोजलेली आहे. मोरे किनाऱ्यावरची कल्बिन ही सुपीक जहागीर १६९४ च्या वादळात वाळूखाली गेली. छपरे शाकारण्यासाठी लोक टेकड्यांवरचे हे गवत ओढून नेत, त्यामुळे वाळू मोकळी झाली, असे मानले गेले आणि लगेच पुढच्या वर्षी, १६९५ मध्ये, वाळूच्या टेकड्यांवरचे गवत व झुडपे उपटण्यास बंदी करणारा कायदा स्कॉटिश पार्लमेंटने केला. म्हणजे 'लिंक्स' म्हटले की डोळ्यांपुढे येणारे ते निवांत हिरवे चित्र हे फार नाजूक तहावर उभे आहे.

अशा जमिनीत नांगर चालवून उपयोग नव्हता. त्यामुळे ती कोणाची खाजगी शेती न होता गावाची सामाईक जमीन राहिली, आणि गावाने तिचा जो जो उपयोग करता येईल तो केला. मेंढ्या चरत, कपडे वाळत, मासेमारीची जाळी पसरली जात, तिरंदाजीचा व कवायतीचा सराव होई, बाजार भरत, आणि लोक गोल्फ खेळत. एडिंबराचे बंदर असलेल्या लीथच्या लिंक्सवर १५६० च्या वेढ्यातले मातीचे उंचवटे आहेत आणि १६४५ च्या प्लेगमध्ये मेलेल्यांना तेथेच पुरले आहे. सेंट अँड्र्यूजचे १५५२ चे सनदपत्र प्रसिद्ध आहे. त्यात आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर ससे बाळगण्याची मुभा मिळाली आणि त्याच्याच बदल्यात गावकऱ्यांचा तेथे गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य करण्यात आला. ॲबर्डीनच्या नगरदप्तरात १६२५ मध्ये लष्करी कवायतीची जागा सांगताना लिंक्सवरच्या 'पहिल्या होल'चा उल्लेख येतो. जागेचा पत्ता सांगायला गोल्फचे होल वापरले जाते, यावरून खेळ तेथे किती मुरलेला होता ते कळते. पण त्या नोंदीतही 'लिंक्स' ही जमीनच आहे आणि होल हे त्या जमिनीतले खळगे.

गोल्फ तेथेच का रुजला, याचे उत्तर माझ्या मते गवत कापण्याच्या यंत्रात आहे, किंवा अचूक सांगायचे तर त्याच्या अभावात. एडविन बडिंगचे हिरवळ कापण्याचे यंत्र १८३० चे. त्यापूर्वी आतल्या भागातील चिकणमातीच्या कुरणांत उन्हाळ्यात गवत इतके वाढे की त्यात चेंडू सापडणे मुश्कील आणि हिवाळ्यात चिखल. लिंक्सवर मात्र गवत मुळातच आखूड, वर मेंढ्या आणि ससे ते कुरतडून आणखी आखूड ठेवणार, आणि हिवाळ्यातही पाय रुतणार नाही अशी जमीन. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्यांनी खरवडलेले आणि वाऱ्याने आणखी पोखरलेले वाळूचे खड्डे हेच पहिले बंकर, असे परंपरेने सांगतात. त्या टेकड्यांच्या वाऱ्याआडच्या बाजूला मेंढ्या कशा बसतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटायला जड जात नाही. पट्टी अरुंद असल्याने मैदान एका दिशेने लांबवर जाई आणि त्याच वाटेने परत येई. गुणपत्रिकेवर पहिल्या नऊ होलना 'आउट' आणि उरलेल्यांना 'इन' असे आजही लिहितात, ते त्या रचनेमुळे. 'ग्रीन' या शब्दाचा जुना अर्थही फक्त होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ असा नव्हता, सबंध मैदान असा होता. म्हणून आमच्या हुद्द्याचे नाव 'ग्रीनकीपर' आहे आणि खेळण्याच्या शुल्काला 'ग्रीन फी' म्हणतात.

लीथला १७४४ मध्ये एडिंबरा शहराने चांदीची स्टिक बक्षीस म्हणून दिली, तिच्यासाठी खेळायचे म्हणून तेथील मंडळींनी तेरा नियम लिहून काढले आणि जॉन रॅट्रे हे शल्यवैद्य ती स्पर्धा जिंकले. लीथच्या त्या मैदानावर तेव्हा पाचच होल होते. पुढे गर्दी वाढल्याने ती मंडळी १८३६ मध्ये मसलबराला आणि १८९१ मध्ये म्युरफील्डला गेली. लीथ लिंक्स आज सार्वजनिक बाग आहे, पण नाव मात्र तेच आहे. सेंट अँड्र्यूजला तर सशांवरून दीर्घ तंटा झाला. कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने १७९७ मध्ये लिंक्स विकली, ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली, गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतल्यावर हे प्रकरण मिटले. गवत आखूड ठेवणारे ससे थोडे असले तर उपकारक आणि हजारोंनी असले तर जमिनीची चाळण, हे तारतम्य तेव्हाही लोकांना होते. आता ती मैदाने ब्रिटिश पार्लमेंटच्या १९७४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या न्यासाकडे आहेत, आणि त्यांतले सर्वांत जुने मैदान, ओल्ड कोर्स, रविवारी सहसा खेळासाठी बंद ठेवून गावकऱ्यांना फिरायला मोकळा असतो. सामाईक जमिनीचा जुना हक्क अशा प्रकारे शिल्लक आहे.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नेमक्या याच प्रकारच्या जमिनीला ब्रिटिश बेटांत इतर नावेही होती. डेव्हनमध्ये तिला 'बरोज' म्हणतात. १८६४ मध्ये सुरू झालेले वेस्टवर्ड हो! येथील मैदान, जे इंग्लंडमधले सर्वांत जुने लिंक्स मैदान मानले जाते, ते नॉर्थम बरोज या जमिनीवर आहे. पूर्व इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथला 'डीन्स' हा शब्द आहे. गेलिक भाषेत 'माखर' असा शब्द असून तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने चुनखडीयुक्त झालेल्या वालुकामय कुरणांना लावतात. किंटायरमधले माक्रिहॅनिश आणि आयला बेटावरचे माक्री या मैदानांच्या नावांत तोच आहे. स्कॉट्स शब्दच जगभर गेला याचे कारण गोल्फ त्या भाषेच्या प्रदेशातून गेला. खेळ डेव्हनमध्ये जन्मला असता, तर आज जगातली मंडळी 'बरोज'वर खेळायला गेली असती.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गोल्फ पसरला आणि शब्दाने जमीन सोडली. एडिंबरामध्ये त्याआधीच 'ब्रंट्सफील्ड लिंक्स' असे नाव समुद्रापासून दूर, शहरातल्या एका जुन्या माळाच्या उरलेल्या तुकड्याला मिळालेले होते. तेथे गोल्फ खेळला जात असे आणि आजही छोट्या अंतराचा गोल्फ खेळला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजीत 'गोल्फ लिंक्स' म्हणजे कोणतेही गोल्फ मैदान, असा सैल अर्थ सर्रास रूढ होता. तोच अर्थ साम्राज्याबरोबर हिंदुस्थानात आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेर हा खेळ सर्वांत आधी जेथे पोहोचला त्यांत ही दोन शहरे आहेत. गाळाच्या जमिनीवर, तळ्यांच्या काठी किंवा थंड हवेच्या ठिकाणी डोंगरावर जे मैदान झाले त्याला साहेब 'लिंक्स'च म्हणत असे. दिल्ली गोल्फ क्लबच्या शेजारी जी वसाहत उभी राहिली तिचे नाव 'गोल्फ लिंक्स' पडले ते या सैल अर्थाने. त्यामुळे ते नाव चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ते शब्दाच्या इतिहासाच्या तिसऱ्या टप्प्यातले आहे, इतकेच.

आमच्या व्यवसायात मात्र हा सैल अर्थ चालत नाही. समुद्र दिसतो म्हणून मैदान लिंक्स होत नाही. कॅलिफोर्नियातील पेबल बीच या विख्यात मैदानाच्या अधिकृत नावात 'गोल्फ लिंक्स' आहे, पण ते कड्यावर, वेगळ्या मातीवर वसलेले आहे आणि अस्सल लिंक्समध्ये त्याची गणना होत नाही. उलट ऑरेगनमधील १९९९ साली खुले झालेले बँडन ड्यून्स किंवा टास्मानियातील बार्नबूगल ही नवी मैदाने स्कॉटलंडपासून हजारो किलोमीटर दूर असूनही वाळू, वारा आणि फेस्क्यू या तिन्ही कसोट्यांवर उतरतात. १८६० मध्ये प्रेस्टविकला सुरू झालेली ओपन चॅम्पियनशिप आजवर फक्त लिंक्स मैदानांवरच खेळवली गेली आहे, आणि तेथे जमिनीलगत मारलेला, टप्पे खात घरंगळत जाणारा फटका कामाला येतो तो जमीन टणक असल्यामुळे. जगभरात हजारोंनी मोजली जाणारी मैदाने आहेत. त्यांत या कसोटीला उतरणारी जेमतेम काहीशे भरतील.

आणखी एक मत नोंदवतो, ते सर्वांना पटेल असे नाही. जमीन वाळूची असली तरी तिच्यावर भरमसाट पाणी आणि खत टाकले, तर काही वर्षांत ती लिंक्स राहत नाही. खत मिळाले की फेस्क्यू मागे पडते, मऊ पात्याचे वार्षिक पोआ गवत घुसते, मुळांखाली स्पंजासारखा मृत थर साठतो आणि चेंडू घरंगळण्याऐवजी जागीच बसतो. नामांकित गोल्फपटू आणि ग्रीनकीपर ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८६० च्या दशकात सेंट अँड्र्यूजची देखभाल हाती घेतल्यावर हिरवळीवर वाळू पसरण्याचा जो आग्रह धरला, तो आजही आमचा पहिला धडा आहे. टीव्हीवर हिरवेगार दिसावे म्हणून तपकिरी पडलेल्या लिंक्सवर पाण्याचे फवारे सोडणारे व्यवस्थापन पाहिले की मला राग येतो.

कोकणात किंवा गोव्यात अशी जमीन आहे का, असे अनेक जण पुढे विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. पुळण आहे, वाळूच्या टेकड्याही काही ठिकाणी आहेत, पण चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मग आठ महिने कडक ऊन, या हवामानात फेस्क्यू टिकणार नाही. पुळणीमागे लगेच माडांच्या वाड्या आणि त्यांच्यामागे जांभ्याचे सडे येतात. मेंढ्यांनी शेकडो वर्षे चरलेले वालुकामय माळ तेथे बनलेच नाहीत. आपल्या देशातील मैदानांवर जे गवत प्रामुख्याने लावतात ते बर्म्युडा, आणि ते म्हणजे आपल्या हरळीचे, गणपतीला वाहतात त्या दूर्वेचेच कुळ. ते उष्ण हवेत धावरे टाकून पसरते, दाट होते, आणि त्यावर चेंडूचे वागणे अगदी निराळे असते. समुद्रालगतच्या आपल्या मैदानाला 'सागरकाठचे मैदान' म्हणावे, 'लिंक्स' म्हणू नये, असे मला वाटते.

शब्दाचे मूळचे आणि नंतरचे अर्थ एकाच जागी एकमेकांसमोर उभे राहिल्याचे उदाहरण अलीकडचे आहे. ॲबर्डीनच्या उत्तरेला 'फोव्हरन लिंक्स' नावाची सरकत्या वाळूची भूमी होती. तिच्या टेकड्या वाऱ्याबरोबर जागा बदलत आणि त्याच वैशिष्ट्यासाठी तिला शास्त्रीय महत्त्वाच्या स्थळाचा संरक्षित दर्जा मिळालेला होता. त्या भूमीच्या काही भागावर ट्रम्प इंटरनॅशनल गोल्फ लिंक्स हे मैदान २०१२ मध्ये सुरू झाले. मैदानासाठी वाळू स्थिर करावी लागली, आणि २०२० च्या डिसेंबरात नेचरस्कॉट या सरकारी संस्थेने फोव्हरन लिंक्सचा दर्जा काढून घेतला, कारण ज्या सरकत्या वाळूसाठी तो दिला होता ती सरकणे बऱ्याच अंशी थांबले होते. याच किनाऱ्यावर दक्षिणेला मॉन्ट्रोजच्या जुन्या मैदानाची उलट अडचण आहे. तेथे समुद्र वाळू नेतो आहे आणि होल आत सरकवावे लागत आहेत.

मराठीत लिहिताना काय करावे, हा उपप्रश्न राहिला. 'लिंक्स' हे रूप जसेच्या तसे ठेवावे आणि 'लिंक' असे तोडू नये. 'गोल्फ दुवा' यासारखे भाषांतर तर अजिबात करू नये. पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'समुद्रकाठची वालुकामय गवताळ जमीन' एवढा खुलासा पुरतो. आणि वाक्यात जमीन अभिप्रेत असेल तर 'लिंक्स', तिच्यावर आखलेले मैदान अभिप्रेत असेल तर 'लिंक्स मैदान' असे लिहिले की वाचकाचा घोटाळा होत नाही.